तळटीप : फ्लोरोइस्ट्रॅडिऑल

इस्ट्रॅडिऑलच्या सोळाव्या कार्बनवर किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवून केलेले हे द्रव्य स्तनाच्या कर्करोगाच्या गाठींमधले इस्ट्रोजेन रिसेप्टर पेट स्कॅनमध्ये दाखवते. जॉन कॅट्झेनेलेनबोगेन आणि मायकल वेल्श यांच्या गटांनी ते १९८० च्या दशकात घडवले. अमेरिकेत मान्यता मिळायला २०२० उजाडले. सुईने तुकडा काढून रिसेप्टर तपासता येत असताना हा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण सुई बोलते ती एकाच गाठीबद्दल. स्तनातली गाठ इस्ट्रोजेनला दाद देणारी असली, तरी हाडात पसरलेल्या गाठीने रिसेप्टर गमावलेले असू शकतात. पेटमध्ये सगळ्या गाठींमधले रिसेप्टर एकदम तपासता येतात. यकृतात मात्र हे द्रव्य मुळातच साचते, त्यामुळे तिथली गाठ झाकली जाते आणि सुईच गाठावी लागते. टॅमॉक्सिफेन हे औषध चालू असेल तर रिसेप्टर आधीच अडलेले असतात. अशा वेळचे कोरे चित्र (हे सहज विसरले जाते) रिसेप्टर नसल्याचा पुरावा म्हणून धरता येत नाही.