उठून गेलेला दरबार

इंग्रजी दप्तरांत 1905 सालापर्यंत यवतमाळ जिल्ह्याचे नाव ‘वून’, म्हणजे आमची वणी, असेच लिहिले जात असे. साहेबाची कचेरी यवतमाळास, जमाबंदीचे कागद यवतमाळास आणि नाव तेवढे वणीचे, अशी ती वाटणी होती. पुढे जिल्ह्यांची फेरमांडणी झाली आणि ते नावही कचेरीच्या मागोमाग गेले. क्योटोच्या जुन्या राजवाड्यासमोर उभा राहिलो तेव्हा प्रथम आठवले ते हेच. वणीच्या माणसाने जपानचे नाते कशाला सांगावे, असे कोणी विचारील, तर 1893 साली जमशेटजी टाटांच्या खटपटीला जपानी कंपनीची जोड मिळून मुंबई ते कोबे अशा ज्या बोटी सुरू झाल्या, त्या मुख्यतः कापसासाठी होत्या, एवढे उत्तर वऱ्हाडच्या माणसास पुरे आहे.

राजवाड्याआधी लागते ते त्याच्या भोवतीचे उद्यान. दक्षिणोत्तर सुमारे तेराशे मीटर आणि पूर्वपश्चिम सातशे मीटर अशा ह्या ‘ग्योएन’मधील रस्ते मिरवणुकीस पुरतील इतके रुंद असून त्यांवर बारीक खडी अंथरली आहे; परंतु शहरातले सायकलस्वार त्या खडीतून रोज एकाच रेषेने जातात, आणि त्यामुळे एवढ्या थोरल्या राजरस्त्याच्या मधोमध जेमतेम वीतभर रुंदीची घट्ट वाट पडली आहे. समोरून दुसरी सायकल आली की दोघांपैकी एकाने मुकाट्याने खडीत उतरावे, असा तिथला अलिखित कायदा दिसला. हे उपवन बादशाही विहारासाठी लावले असेल, असे पाहणारास वाटते. वस्तुतः इथे ‘कुगे’ म्हणवणाऱ्या दरबारी उमरावांच्या सुमारे दोनशे हवेल्या भिंतीस भिंत लावून उभ्या होत्या. 1869 साली सम्राट मेइजी टोकियोस कायमचे निघून गेले, त्यांच्यामागे हे उमरावही गेले, आणि ओस पडलेल्या हवेल्या पाडल्या गेल्या. 1877 साली सम्राट परत भेटीस आले तेव्हा आपल्या जन्मस्थानाची ती दैना पाहून त्यांनी जतनाचा हुकूम फर्मावला. झाडे लागली ती त्यानंतर. आज जी गर्द सावली आपण उपभोगतो, ती उठून गेलेल्या वस्तीच्या जोत्यांवरची आहे. शनिवारवाड्याच्या जोत्यांमधली हिरवळ पाहिलेल्या मराठी माणसास हे समजावून सांगावे लागत नाही.

राजवाडा स्वतः वयाने फार जुना नाही. ही जागा 1331 पासूनची, पण लाकडी इमारतींना आग वारंवार भोवली. 1854 च्या आगीनंतर 1855 साली बांधले तेच आज उभे आहे, मात्र घाट सहस्र वर्षांपूर्वीचा राखला आहे. तट नाही, बुरूज नाही. मातीची एक भिंत आणि तिच्यावर सर्वोच्च दर्जा सांगणाऱ्या पाच आडव्या पांढऱ्या रेघा, एवढाच बंदोबस्त. ह्या भिंतीचा ईशान्य कोपरा मुद्दाम आत मुडपला आहे आणि वळचणीखाली लाकडात कोरलेले माकड बसवले आहे, कारण जपान्यांच्या समजुतीने ईशान्य ही पिशाच्चांची वाट! आमच्याकडे देवघरासाठी जो कोपरा राखावा, तोच तिथे भुताखेतांचा, हे पाहून वास्तुशास्त्र्यांच्या निश्चयी वाणीविषयी माझ्या मनात जी शंका होती ती किंचित बळावली. ते माकड रात्री हिंडून खोड्या करी म्हणून त्याला जाळीत कोंडले, असे सांगतात.

पश्चिमेस ‘हामागुरी’ म्हणजे शिंपल्याचा दरवाजा आहे. एरवी सदैव बंद असणारा हा दरवाजा एका भीषण आगीत उघडावा लागला, आणि शिंपला विस्तवावर उघडतो तसा हा उघडला, म्हणून हे नाव. 1864 साली ह्याच दरवाजाशी चोशू संस्थानच्या लोकांची आइझू आणि सात्सुमा ह्या संस्थानांच्या फौजेशी चकमक उडाली. गोळ्यांच्या खुणा खांबांच्या लाकडात अजून बोटाने चाचपता येतात.

दरबार गेला तरी एक मान क्योटोकडे राहिला होता. 1889 च्या राजघराण्याच्या कायद्याने राज्यारोहण क्योटोसच व्हावे असे ठरवले होते, आणि त्याप्रमाणे 1915 व 1928 साली ‘शिशिन्देन’ ह्या महालात, सायप्रसच्या सालीने शाकारलेल्या छपराखाली, ते झालेही. कचेरी टोकियोस आणि नाव क्योटोचे, अशी ही वाटणी वणीकरास चटकन उमगते. 1947 च्या नव्या कायद्यात मात्र ते कलम उरले नाही. सिंहासन ठेवले आहे शिशिन्देनातच. 1990 च्या समारंभासाठी ते सुटे करून हेलिकॉप्टरमधून टोकियोस नेले, 2018 साली ट्रकांवर लादून नेले, आणि दोन्ही वेळी काम आटोपल्यावर पुन्हा क्योटोस आणून जागच्या जागी जुळवले.