अत्याचारानंतर किशोरवयीन मुलींचे मानसिक आरोग्य

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंकुशनगर हे सहकारी साखर कारखान्याचे ठिकाण आहे. मराठवाड्यातील अशा परिसरांत गळीत हंगाम सुरू झाला, की ऊसतोड कुटुंबे कोप्या उभारून राहतात. 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, या हिशेबामुळे मुलींची लग्ने लवकर उरकण्याकडे कल असतो. आईवडील फडात गेल्यावर कित्येक मुली एकट्या राहतात. अशा परिस्थितीत अत्याचार घडला, तर मुलीची शाळा, मैत्रिणी व उपचार हे सारेच स्थलांतरात तुटते. म्हणूनच घटनेनंतर तिच्या मनाचे काय होते, हे प्रत्येक कुटुंबाने व धर्मग्रामाने समजून घेणे अगत्याचे आहे.

मनावर होणारे परिणाम

झोप न लागणे, दचकणे, भयस्वप्ने, अन्नावरची वासना उडणे, वारंवार पोट वा डोके दुखणे, अबोला, चिडचिड, शाळा टाळणे ही लक्षणे सामान्यतः आढळतात. 'चूक माझीच' ही भावना सर्वांत घातक होय. अनेकांची लक्षणे काही आठवड्यांत ओसरतात. महिन्याहून अधिक काळ टिकल्यास मानसोपचारतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे. मुलगी स्वतःला इजा करीत असेल किंवा मरणाची भाषा बोलत असेल, तर तिला एकटे न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. मुलगेही अत्याचाराला बळी पडतात, हे विसरू नये.

गर्भधारणा झाल्यास या दुःखात भय व गुप्ततेची भर पडते. बाळंतपण होवो वा गर्भपात, पुढील मनःस्थिती बहुतांशी आधीचा आघात, सक्ती, लपवाछपवी आणि घरचा आधार यांवर अवलंबून असते.

कायद्याचे संरक्षण

२०१२ च्या 'पॉक्सो' कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. अत्याचाराची माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. मुलीची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, गणवेश न घातलेल्या पोलिसांनी घ्यावयाचा असतो. शासकीय व खाजगी रुग्णालयांनी प्रथमोपचार विनामूल्य देणे आवश्यक आहे. एचआयव्हीप्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. महाराष्ट्र शासनाची 'मनोधैर्य' योजना २०१३ पासून अर्थसाहाय्य व समुपदेशनासाठी आहे. लग्न लावून दिल्याने अपराध पुसला जात नाही. १८ वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ रोजी दिला.

तिचे मत

२०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुली व अत्याचारपीडितांसाठी गर्भपाताची कायदेशीर मर्यादा २४ आठवडे झाली; त्यापुढे सहसा न्यायालयात जावे लागते. २०२४ साली महाराष्ट्रातील एका चौदा वर्षांच्या मुलीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २२ एप्रिल रोजी गर्भपाताची अनुमती दिली. परंतु गर्भ सुमारे तीस आठवड्यांचा झाला होता आणि पालकांनी मुलीच्या प्रकृतीच्या काळजीने विचार बदलल्यामुळे २९ एप्रिल रोजी ती मागे घेतली. या प्रकरणात न्यायालयाने गर्भवतीचे स्वतःचे मत निर्णायक महत्त्वाचे मानले आणि वैद्यकीय मंडळाने तिच्या मानसिक आरोग्याचाही विचार करावा, असे बजावले. निर्णय तिच्याविषयी होतो, तेव्हा तो तिच्यावाचून होऊ नये.

कुटुंब व धर्मग्रामाचे कर्तव्य

तिच्यावर विश्वास ठेवावा. घटना पुनःपुन्हा वदवून घेऊ नये. 'तू तेथे का गेलीस?' असे विचारू नये. शाळा व नित्यक्रम शक्य तितक्या लवकर सुरू करावा. गावकीत वा धर्मग्रामात तडजोड घडवू नये; आरोपी कोणीही असो.

अत्याचार सोसणे हे पाप नव्हे, हे धर्मगुरूंनी व धर्मभगिनींनी तिला स्पष्ट शब्दांत सांगावे. ख्रिस्तसभा गर्भपाताला मान्यता देत नाही; तथापि दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये त्या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना कायमस्वरूपी दिला. धर्मसभेच्या कायद्यात सोळा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला धर्मदंड लागू होत नाही. तेव्हा तिला वेदीपासून दूर लोटण्याचा अधिकार शेजाऱ्यापाजाऱ्यांना कोठून असणार?

साहाय्यासाठी : बालकांसाठी १०९८, मानसिक आधारासाठी 'टेली-मानस' १४४१६, तातडीच्या प्रसंगी ११२. हे क्रमांक घरातील मुलामुलींना आजच पाठ करवून घ्यावेत.