बिनखिशाच्या पोशाखाचे लेणे

माझ्या आजोबांच्या धोतराला खिसा नव्हता. पानसुपारीची चंची ते कमरेला खोचीत. शेजारचे कानडी आजोबा तिलाच 'संचि' म्हणत. विडा मात्र दोघांचा एकच! जपानच्या नेत्सुकेविषयी वाचताना मला ती चंची आठवली.

किमोनोलाही खिसा नसतो. इदो काळात (१६०३ ते १८६८) जपानी पुरुष तंबाखूची पिशवी किंवा औषधाची कप्पेदार डबी दोरीने कमरपट्ट्याला लटकवीत. दोरी पट्ट्यामागून वर घ्यायची आणि ती निसटू नये म्हणून वरच्या टोकाला एक गुंडी बांधायची. तीच नेत्सुके. 'ने' म्हणजे मूळ, 'त्सुके' म्हणजे जोडणे.

गुंडी सुपारीपेक्षा थोडी मोठी. पण हस्तिदंत, लाकूड वा हरणाच्या शिंगात कारागिराने अवघे जग कोरले. झोपलेला उंदीर, हसरा भिक्षू, भेदरलेला राक्षस! वस्त्रात अडकेल असे टोक ठेवायचे नाही, दोरीसाठी दोन भोके हवीत आणि तळाची बाजूही कोरलेली हवी. व्यापाऱ्यांच्या भपक्यावर सरकारी निर्बंध होते. तेव्हा त्यांची हौस अशा चिमुकल्या वस्तूंत उतरली. १७८१ साली ओसाकात निघालेल्या 'सोकेन किशो' या ग्रंथात पन्नासहून अधिक नेत्सुके-कारागिरांची नोंद आहे. या सौंदर्यासाठी हत्तींचे जीव गेले, हेही विसरता येत नाही. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय व्हायला १९८९ साल उजाडले.

१८६८ नंतर जपानात पाश्चात्त्य पोशाख आला, त्याबरोबर खिसा आला, सिगारेटही आली. गुंडीचे काम संपले. युरोपीय संग्राहकांनी नेत्सुके विकत घेऊन काचेच्या कपाटांत मांडल्या.

असाच २६४ नेत्सुकेंचा एक संग्रह व्हिएन्नातील एफ्रुसी या ज्यू कुटुंबाकडे होता. १९३८ साली नाझींनी त्यांचा वाडा लुटला. त्या घराण्याचे वंशज एडमंड द वाल यांनी २०१० सालच्या पुस्तकात पुढची हकिगत सांगितली आहे. ॲना नावाच्या मोलकरणीने रोज दोन-चार नेत्सुके गुपचूप उचलून आपल्या गादीत दडवल्या आणि युद्धानंतर सगळ्या मालकांच्या मुलीच्या हाती परत केल्या.

त्या तिने कशातून नेल्या? ॲप्रनच्या खिशातून. ज्या खिशाने नेत्सुकेचे काम हिरावले, त्यानेच तिला वाचवले. आजोबांची चंची मात्र आमच्या घरी कोणी जपली नाही. आमच्याकडे खिसे होते, ॲना नव्हती.