हरीण धरावे कसे?

हरणाच्या डोळ्यांवर आम्हा कवींनी पुष्कळ शाई सांडली. त्याच्या पायांकडे पाहिलेच नाही. 'ऐन-ए-अकबरी'त एक रीत आहे: पाळीव काळविटाच्या शिंगांना जाळे बांधून सोडायचे. रानातला नर झुंजायला येई नि शिंगे अडकून सापडे. पाठलाग करून धरलेले हरीण मात्र सुटले तरी जगेलच असे नाही. भीतीने, धावपळीने स्नायू निकामी होतात. काही दिवसांनीही ते मरते.

१९७० साली कान्हात बाराशिंगे उरली ६६. पुढे वाढली, तेव्हा २०१५पासून काही सातपुड्यात नेली, आफ्रिकेतल्या 'बोमा' रीतीने. नरसाळ्यासारखा आडोसा निमुळता होत जातो, जनावर आपल्याच पायांनी गाडीत चढते. तिथेही आधी कुंपणात ठेवले. नाहीतर बिथरलेला कळप कुठच्या कुठे पांगला असता.