नागपूरच्या दोन चौफुल्या

नागपूर हा भारतांतील वाटांचा मोठा सांधा होय. उत्तर-दक्षिण जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पूर्व-पश्चिम जाणारा ५३ हे येथेंच मिळतात. १८६७ सालीं मुंबईकडून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ येथें पोंचले. पुढें हावडा, दिल्ली व चेन्नई या दिशांचे मार्गही येऊन मिळाले. रुळांची चौफुली आणि रस्त्यांची चौफुली एकाच नगरींत नांदतात. परंतु दोहोंचा न्याय निराळा आहे.

रुळांच्या चौफुलीवर गाडीची सुरक्षितता केवळ चालकाच्या सावधपणावर सोंपविलेली नसते. १८५६ सालीं जॉन सॅक्स्बी या इंग्रजानें सांधे व सिग्नल एकदम हलविण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. त्यांतूनच पुढें ते परस्परांस जखडून ठेवणारी ‘इंटरलॉकिंग’ची पद्धति वाढीस लागली. एका मार्गाचा सिग्नल पडला, कीं त्यास छेदणाऱ्या मार्गाचा सिग्नल देतांच येत नाहीं. आज दांड्यांची जागा विजेच्या यंत्रांनीं घेतली. तत्त्व मात्र तेंच राहिलें.

रस्त्यावरील सिग्नलही रेल्वेकडूनच आला. जे. पी. नाइट या रेल्वेच्या इंजिनियरानें १८६८ सालीं लंडनच्या पार्लमेंटजवळ तो उभारला. परंतु सिग्नल रस्त्यावर आला, त्यामागची जखड रुळांवरच राहिली! रस्त्यावरचा तांबडा दिवा थांबावयास सांगतो, थांबवीत नाहीं.

डिसेंबर १९४३ मध्यें प्रांतोप्रांतींचे मुख्य इंजिनियर नागपुरास जमले. त्यांनीं राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्राम अशी रस्त्यांची प्रतवारी लाविली. शेतीच्या संपन्न मुलखांतील कोणतेंही गांव मोठ्या रस्त्यापासून पांच मैलांहून दूर राहूं नये, असें त्यांच्या ‘नागपूर योजने’चें थोर ध्येय होतें. परंतु रस्ते वाढले, कीं ते एकमेकांस मिळण्याचीं ठिकाणेंही वाढतात, आणि धोका तेथेंच दबा धरून बसतो.

या धोक्याची मोजदाद करतां येते. चार रस्त्यांच्या साध्या चौफुलीवर वाहनांच्या वाटा ३२ ठिकाणीं छेदतात, मिळतात अथवा फुटतात. मधोमध वाटोळें बेट बांधून एकपदरी वाहतूक त्याभोंवतीं एकाच दिशेनें फिरविली, तर अशीं ठिकाणें ८ उरतात. मात्र बेटाभोंवतीं फिरणाऱ्यास आधीं जाऊं दिलें पाहिजे. ब्रिटननें १९६६ सालीं तसा नियमच केला.

२०२१ सालीं नागपुरांत ‘आय-रास्ते’ हा प्रकल्प सुरू झाला. शहराच्या बसगाड्यांवर धोक्याची सूचना देणारीं यंत्रें बसवून, अपघात घडण्यापूर्वींच धोक्याच्या जागा हुडकाव्या, हा त्याचा हेतु. जागा सांपडल्यावर मात्र त्या सुधाराव्याच लागतात: वेग आपोआप मंदावेल असा उंचवटा, वळणाचा आंखूड कोपरा, पायीं जाणाऱ्यास मध्यें उभें राहावयास सुरक्षित ओटा. चौफुली ओलांडणाऱ्या शाळकरी मुलाच्या वा वृद्धेच्या भोंवतीं लोखंडी डबा नसतो. वाहनचालकाचा एका क्षणाचा प्रमाद त्यांच्या जिवावर बेतूं नये, एवढी तजवीज रेल्वेप्रमाणें रस्त्याच्या रचनेंतच असावयास हवी.