वर्गातील शिस्त आणि गावातील शिक्षक : खानदेशाच्या इतिहासातील एक पान

गतवर्षी आपल्या समाजाच्या धुळे येथील विद्यार्थी वसतिगृहासंबंधी कार्यकारी मंडळात बराच वाद झाला, हे बहुतेक समाजबांधवांस ठाऊक आहेच. मुले रात्री उशिरापर्यंत जागतात, अभ्यास करीत नाहीत, मोठी मुले लहानांस त्रास देतात, अशा तक्रारी होत्या. त्यावर कोणी भिंतीवर कॅमेरे बसवावे असे सुचविले, कोणी दंडाची रक्कम वाढवावी म्हटले, तर काहींचा आग्रह असा की गृहपाल आपल्याच समाजाचा असावा म्हणजे त्याचा धाक राहील. मी त्या बैठकीस हजर होतो. चाळीस वर्षे फळ्यासमोर काढलेला माणूस म्हणून माझे मत विचारण्यात आले, परंतु ते दोन वाक्यांत सांगण्याजोगे नव्हते. म्हणून ह्या स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा, वंशावळ किंवा कुलदैवत हे नेहमीचे विषय बाजूस ठेवून, मी हाच विषय घेतला.

प्रथम छडीविषयी. इंग्रजी अमलापूर्वी आणि त्यानंतरही बराच काळ आपल्या गावांतून पंतोजींच्या शाळा चालत. ओसरीवर किंवा देवळाच्या आवारात मुले बसत, धूळपाटीवर अक्षरे गिरवीत, पाढे आणि परवचा मोठ्याने म्हणत. पंतोजीस धान्य मिळे, क्वचित रोख पैसाही मिळे. एका माणसाने लहानमोठ्या सर्व वयांच्या मुलांस एकाच जागी सांभाळावयाचे, तर दोनच साधने हाताशी असत : एक छडी, आणि दुसरे म्हणजे मोठ्या मुलांकडून लहानांस शिकविणे. ह्यांपैकी दुसऱ्या साधनाची गंमत अशी की अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल ह्या पाद्र्याने मद्रासच्या अनाथालयात तीच रीत वापरली, 1797 मध्ये त्यावर पुस्तक छापले, आणि पुढे विलायतेत ती 'मद्रास पद्धती' ह्या नावाने गाजली. छडी मात्र कोणास शिकवावी लागली नाही. ती सर्वत्र होतीच.

शिक्षक कसा असावा ह्याविषयी महाराष्ट्रात अत्यंत स्पष्ट बोलणारे पहिले गृहस्थ म्हणजे महात्मा जोतीराव फुले. 1882 साली हंटर ह्यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगास त्यांनी जे निवेदन दिले, ते आपल्या समाजातील प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी वाचावे असे आहे. त्या वेळचे प्राथमिक शिक्षक जवळजवळ सर्व ब्राह्मण, त्यांतील थोडेच प्रशिक्षित, आणि पगार क्वचितच दहा रुपयांहून अधिक, अशी स्थिती त्यांनी मांडली. शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, त्यांस बारा रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गावी पंधरा-वीस रुपये द्यावे, अशी त्यांची मागणी होती. शेतकरी वर्गातूनच का, तर असा माणूस त्या लोकांत मोकळेपणाने मिसळेल आणि त्यांच्या गरजा व इच्छा जाणील, हे कारण त्यांनी दिले आहे. ह्यापुढे त्यांनी आणखी एक गोष्ट सुचविली आणि ती आज कोणाच्या फारशी स्मरणात नाही. गावच्या हिशेबाची तपासणी, दस्तांची नोंदणी, टपालाचे काम, मुद्रांकांची विक्री अशी कामे शिक्षकाकडे सोपवावी, म्हणजे गावात त्याचे वजन वाढेल आणि लोकांवर त्याचा चांगला परिणाम होईल. मुलांस धाकात कसे ठेवावे ह्यापेक्षा शिक्षकास गावात कसे उभे करावे, ह्याचा विचार त्या निवेदनात अधिक आहे.

जोतीरावांचे हे निवेदन आपल्यांपैकी पुष्कळांनी अर्धेच घेतले. 'आपला माणूस' एवढे घेतले, 'मिसळणारा माणूस' हे सोडून दिले. त्या काळी बहुजन समाजाचा शिक्षकवर्गात शिरकावच नव्हता, तेव्हा पहिली मागणी न्याय्य होती ह्यात शंका नाही. परंतु एकीमागचे कारण दुसरीत होते, हे विसरून चालणार नाही. त्याचा दाखला आपल्या खानदेशातच आहे.

1924 साली अमळनेर येथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत, म्हणजे पुढे प्रताप हायस्कूल म्हणून प्रसिद्धीस आलेल्या विद्यालयात, पांडुरंग सदाशिव साने नावाचे एक तरुण शिक्षक रुजू झाले. जन्म 1899 चा, गाव कोकणातील पालगड, जात ब्राह्मण, शिक्षण पुण्यास. तत्त्वज्ञान मंदिराच्या निमित्ताने ते अमळनेरास आले होते. ना त्यांची जात येथील शेतकऱ्याची, ना त्यांची बोली आपली. स्वभावाने संकोची, डोळ्यांस पटकन पाणी येणारे. अशा माणसाकडे शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी आली. आपल्या कार्यकारी मंडळाच्या कसोट्या लावल्या असत्या, तर त्यांची नेमणूक कदापि झाली नसती.

छात्रालयात साने गुरुजींनी जे केले ते आता आख्यायिकेसारखे सांगितले जाते, त्यामुळे त्यातील व्यवहार झाकला जातो. मुले अंथरुणे तशीच टाकून शाळेत गेली की हे ती गुंडाळून ठेवीत. कंदिलांच्या काचा काळ्या झालेल्या असत, त्या स्वतः पुसून ठेवीत. मूल आजारी पडले की त्याच्या उशाशी बसत. बोलून दाखवीत नसत. काही दिवसांनी मुलांस स्वतःचीच लाज वाटू लागे आणि अंथरुणे आपोआप गुंडाळली जात. ह्याच्या जोडीस त्यांनी 'छात्रालय' नावाचे दैनिक स्वहस्ते लिहून मुलांसमोर ठेवण्याचा क्रम चालविला. रोजच्या रोज, हाताने, छपाईवाचून! त्यात थोरांच्या गोष्टी असत, जगातील घडामोडी असत, छात्रालयातील बऱ्यावाईट घटनाही असत. चाळीस वर्षांत मी स्वतः असा क्रम सलग एक महिनाही चालवू शकलो नाही, हे येथे कबूल करतो.

ह्याला केवळ प्रेमळपणा म्हणून बाजूस सारणे बरोबर नाही. रोज मुलांच्या खोल्यांत जाणाऱ्या माणसास कोणती मुले रात्री जागतात, कोणाची फी आलेली नाही, कोण घरच्या आठवणीने रडते, हे विचारल्यावाचून कळते. ते कळले की छडीचे निम्मे काम संपते. गुरुजी सहा वर्षे त्या शाळेत होते. 1930 साली कायदेभंगाच्या चळवळीसाठी त्यांनी नोकरी सोडली आणि त्याच वर्षी ते तुरुंगात गेले.

पुढचा प्रसंग आपल्या धुळे शहरातलाच आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे राजबंदी होते आणि साने गुरुजीही होते. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर, अशी अठरा प्रवचने दिली. श्रोते सर्व थरांतले : मोठ्या घरचे, खेड्यातले, शिकलेले, अल्पशिक्षित. त्यांत आमच्या अमळनेरचे हे मास्तर कागद-पेन्सिल घेऊन बसत आणि सर्व उतरून घेत. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ त्या टिपणांवरून सिद्ध झाला. छात्रालयात मुलांसाठी रोज लिहिण्याची जी सवय हाताला लागली होती, तीच येथे उपयोगी पडली असे मला वाटते.

आता थोडे स्वतःचे. 1961 च्या सुमारास साक्री तालुक्यातील एका खेड्यात मी चौथीत होतो. घरी, शेतात, पांझरेच्या काठी आम्ही अहिराणी बोलत असू. वर्गात 'माझा' म्हणण्याऐवजी 'मना' म्हटले म्हणून माझ्या शेजारच्या मुलास गुरुजींनी तळहातावर छड्या मारल्या. ते गुरुजी आमच्याच जातीचे होते, आमच्याच तालुक्यातले होते, आणि घरी तेही 'मना'च म्हणत. तो मुलगा दिवाळीनंतर शाळेत आला नाही, गुरे वळू लागला. पुढील वर्षी बाहेरगावचे एक शिक्षक आले. त्यांनी फळ्याचे दोन भाग केले. एकीकडे 'बठ्ठा', 'आंडोर', 'मना', दुसरीकडे 'सर्व', 'मुलगा', 'माझा'. आम्ही डावीकडचे शब्द सांगावयाचे, त्यांनी उजवीकडचे. तासभर वर्गात कोणी खोडी काढली नाही, कारण प्रत्येकास सांगावयास काहीतरी होते. संध्याकाळी ते चावडीवर बसून लोकांची पत्रे वाचून दाखवीत. जोतीरावांनी सुचविलेले टपालाचे काम ते बिनपगारी करीत होते.

1962 साली जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांस शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास बंदी केली, हे उत्तम झाले. त्याच कायद्याने जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणुका एवढी कामे वगळून शिक्षकास इतर अशैक्षणिक कामे देऊ नयेत असेही ठरविले. हेही योग्यच, कारण आजची ही कामे शिक्षकाचा मान वाढविण्यासाठी दिली जात नाहीत. परंतु छडी गेली आणि चावडीही गेली, तेव्हा शिक्षकाच्या हाती काय उरले, ह्याचा विचार कायदा करू शकत नाही. तो संस्था चालविणाऱ्यांनी करावयाचा आहे.

म्हणून कार्यकारी मंडळास माझी सूचना अशी की कॅमेऱ्यांसाठी जी रक्कम राखून ठेविली आहे, तिच्यातून वसतिगृहाच्या आतच, मुलांच्या खोल्यांच्या ओळीत, गृहपालास सहकुटुंब राहण्याजोग्या दोन खोल्या बांधाव्यात. आज त्यास रस्त्यापलीकडे भाड्याची खोली दिलेली आहे आणि रात्री नऊनंतर तो मुलांस दिसत नाही. जाहिरातीत जातीची अट घालू नये. अहिराणी समजत असल्यास प्राधान्य द्यावे, समजत नसल्यास शिकण्याची तयारी विचारावी. साक्री व शिरपूरकडची काही मुले पावरी, भिली बोलतात. त्यांच्याशी गृहपाल कसे बोलेल, हेही मुलाखतीत विचारावे. हा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या पत्रिकेवर घ्यावा, असा लेखी अर्ज मी चिटणीसांकडे दिलेला आहे.