कलप, खोबरेल आणि कोर्ट

आमच्या जबलपुरात न्याय बराच काळ माणसाच्या जिभेवर चालला. इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमनने ठगांवर खटले उभे केले ते माफीच्या साक्षीदारांच्या जोरावर. १८३६च्या कायद्याने तर टोळीत असणं सिद्ध झालं की जन्मठेप. कोणाचा गळा कोणी आवळला, हे दाखवायची गरजच उरली नाही. जुन्या साथीदाराने बोट दाखवलं की पुरे.

वस्तूची साक्ष काढायची सोय पुढे झाली, तीही दूर आग्र्याला. मध्य प्रांताचा मुद्देमाल तिथल्या केमिकल एक्झामिनरकडे जाई. १८९२पासून त्या जागेवर अर्नेस्ट हॅन्किन होते. गंगेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, हे १८९६मध्ये मांडणारे तेच. सोमल, धोत्रा, अफू ओळखणं हे अशा खात्यांचं रोजचं काम. केसावरचं तेल ओळखण्याइतकी बारीक साधनं मात्र अजून जन्मायची होती. मिश्रणातले घटक वेगळे करणारी गॅस क्रोमॅटोग्राफी आली १९५२मध्ये.

१९५६मध्ये मध्य प्रदेशाचं हायकोर्ट जबलपूरला आलं. सागर विद्यापीठाने १९५९मध्ये गुन्हेशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञानाचा विभाग काढला आणि १९६४मध्ये राज्याची प्रयोगशाळाही सागरलाच उभी राहिली.

मी जबलपुरात रसायनशास्त्र शिकवत आले. वस्तूची साक्ष कशी काढतात हे सांगताना विद्यार्थ्यांना केसाचं उदाहरण देते, कारण ते पटकन कळतं. केस हेक्झेनमध्ये बुडवले की वरचं तेल विरघळून येतं. त्यातली मेदाम्लं वेगळी केली की खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल निघतं, मोहरीच्या तेलात इरुसिक. कलपाचं तंत्र निराळं. त्यातलं पॅराफेनिलिनडायअमीन केसाच्या गाभ्यात शिरतं, तिथेच पेरॉक्साइडने त्याचे मोठे रंगीत रेणू होतात आणि अडकून बसतात. मेंदीतलं लॉसोन केसाच्या केराटिनला धरतं. काळ्या मेंदीत पुष्कळदा कलपाचंच रसायन मिसळलेलं असतं, तेही पकडता येतं. मुळाशी न रंगलेला भाग मोजावा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून कलप कधी लावला याचा अंदाज बांधता येतो.

पण इथेच थांबावं लागतं. आमच्या मराठी घरांत खोबरेल, शेजारच्या घरांत सरसोंचं तेल, असं मी लहानपणापासून पाहिलं. म्हणून खोबरेल लागलेला केस मराठी माणसाचा ठरतो का? मुळीच नाही. एकाच कंपनीचा कलप हजारो डोक्यांवर असतो. रसायन द्रव्याचं नाव सांगतं, माणसाचं नाही.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी घटनास्थळी तज्ज्ञ पाठवण्याची तरतूद आहे. त्यामुळे घटनास्थळावरचे केस आता जास्त गोळा होतील. ठगांच्या काळी साक्षीदाराच्या बोटावर जेवढा आंधळा विश्वास ठेवला, तेवढाच उद्या यंत्राच्या आलेखावर ठेवला, तर नवं काय साधलं? म्हणून अहवालात काय सापडलं याच्या खालोखाल, त्यावरून काय ठरत नाही, हेही स्पष्ट लिहिलं गेलं पाहिजे.